मदत हवी आहे: कोल्चिसिन दिलेल्या हॅप्लॉइड मक्याच्या तुऱ्यात पराग नाही

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मक्याचे डबल हॅप्लॉइड करतोय, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या (हॅप्लॉइड) झाडांत तो संच कोल्चिसिन या रसायनाने दुप्पट करतोय. इंड्यूसरचा (ज्याच्या परागाने काही दाणे हॅप्लॉइड होतात, तो खास वाण) पराग वापरून आलेल्या दाण्यांतून माथा जांभळा पण भ्रूण बिनरंगी, म्हणजे हॅप्लॉइड वाटणारे, असे १६० निवडले. कोंब २ सेंमीचे झाल्यावर ०.०६ टक्के कोल्चिसिन आणि ०.५ टक्के डीएमएसओच्या (कोल्चिसिन पेशीत शिरायला मदत करणारं द्रावक) द्रावणात १२ तास अंधारात ठेवले, धुऊन लावले. ९० मेले. ५८ खुरटी आहेत, त्यांचे तुरे वांझोटे. दोन-तीन झाडांच्या एखाद्या फांदीवर तेवढे परागकोश दिसतात. १२ झाडं मात्र जोमदार, पराग नुसता उधळतायत. तीच सेल्फ करू ना, म्हणजे त्यांचाच पराग त्यांच्याच कणसाला? आणि पुढच्या वेळी मात्रा वाढवू का?

उत्तर: थांबा! मला संशय त्या बारांचाच आहे. डबल हॅप्लॉइडमध्ये प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्याच, मग संकरासारखा जोम येणार कुठून? भ्रूणाचा रंग फिका उतरला की साधा संकरित दाणाही हॅप्लॉइड म्हणून निवडीत घुसतो. तुमच्या इंड्यूसरमध्ये खोड जांभळं करणारं जनुक असेल तर खोडं बघा; जांभळं खोड म्हणजे इंड्यूसरचं जनुक आत आलंय, झाड संकरित.

खरा माल त्या एखाद-दुसऱ्या फांदीवर आहे. कोल्चिसिन ट्युब्युलिनला (विभाजनाचे धागे ज्या प्रथिनाचे बनतात ते) धरून ठेवतं, मग ते धागे जुळत नाहीत. १० ची २० गुणसूत्रं होतात, पेशी मात्र दुभागत नाही. हे घडतं त्या वेळी विभाजन चालू असलेल्या पेशींतच. म्हणून झाड गोधडीसारखं, काही ठिगळं दुप्पट, बाकी हॅप्लॉइड. कणसाची बाजू तुऱ्यापेक्षा बहुधा बरी असते, तेव्हा मिळेल तो चिमूटभर पराग त्याच झाडाच्या कणसाला लावा. केस बाहेर यायच्या आधी कणसावर पिशवी हवीच.

मात्रा वाढवू नका, मर वाढेल. कोंबाचं टोक कापलं होतं का? कापल्याशिवाय द्रावण आतल्या वाढबिंदूपर्यंत नीट पोचत नाही. आणि हातमोजे घालता ना? उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, जहाल विष आहे ते.

प्रश्नकर्ता: टोक कापलंच नव्हतं. हातमोजे होते. इंड्यूसरमध्ये ते जनुक आहे, आणि बारापैकी ११ खोडं जांभळी निघाली. बाराव्याचं पान फ्लो सायटोमेट्रीला (पेशीतलं डीएनए मोजून गुणसूत्रांचे संच किती ते सांगणारी चाचणी) देतोय. आज सकाळी एका खुरट्या झाडाच्या फांदीवर चार परागकोश फुटले होते, कागदावर झटकून त्याच्याच कणसाला लावले.

उत्तर: उद्या परत बघा, सगळे एका दिवशी फुटत नाहीत.