ठोकळे टेबलावर, आकडे पडद्यावर: एकत्र काम खरंच सुधारतं का?

नकाशेवाली: मीटिंग म्हणजे माउस एकाच्या हातात आणि बाकीच्यांचं "जरा डावीकडे घे ना". अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने 1999 मध्ये 'अर्प' नावाचं टेबल केलं होतं. त्यावर इमारतींची मॉडेल्स ठेवायची. वरचा कॅमेरा त्यांची जागा ओळखतो, प्रोजेक्टर सावल्या नि वाऱ्याचे झोत दाखवतो. मॉडेल सरकवलं की सावलीही सरकते. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये 2016 ला निर्वासितांच्या निवाऱ्यासाठी जागा शोधताना नागरिकांना अशाच टेबलाभोवती बसवून लेगोचे ठोकळे दिले होते. ठोकळा कोणीही उचलू शकतं. ऑफिसात हेच हवं.

सावध_गडी: असहमत. मायक्रोसॉफ्टचं 2007 चं सरफेस टेबल आठवतंय? तेही वर ठेवलेली वस्तू ओळखायचं. 2012 ला ते नाव टॅब्लेटला गेलं, टेबलाचं 'पिक्सेलसेन्स' झालं. कोणी पाहिलंय का ते आपल्या ऑफिसात? आणि आमची निम्मी टीम घरून काम करते. त्यांना ठोकळे नाहीत, व्हिडिओ कॉलवर आमची डोकी तेवढी दिसणार.

कागदप्रेमी: नवं टेबलच कशाला? माणूस-संगणक संवादाच्या संशोधक वेंडी मॅके यांनी फ्रान्समधल्या हवाई वाहतूक नियंत्रकांचं काम जवळून पाहिलं होतं. तिथे दर विमानामागे एक कागदी पट्टी. जरा तिरकी ठेवली की 'इकडे लक्ष द्या', शेजाऱ्याच्या हातात दिली की त्यालाही कळतं, आता हे विमान माझं. मॅके यांचं म्हणणं: कागद हटवू नका, त्यालाच संगणकाशी जोडा.

सावध_गडी: @कागदप्रेमी, आणि झालं काय? आज बऱ्याच ठिकाणी त्या पट्ट्या पडद्यावरच गेल्यात.

मधली_फळी: मला अडचण वेगळीच दिसते. अनडू केलं तर प्रोजेक्टरचं चित्र मागे जातं, ठोकळा मात्र ढिम्म. कालची मांडणी पुन्हा हवी असेल तर फोटो बघून हाताने लावा!

नकाशेवाली: त्यावरही काम झालंय. एमआयटीच्याच 2013 च्या 'इनफॉर्म'मध्ये टेबलातल्या 900 पिना मोटरने वरखाली होतात. दूर बसलेल्या माणसाच्या हातांचा आकार त्यातून उमटतो, त्याने चेंडूही ढकलता येतो. म्हणजे घरून काम करणाऱ्यांचीही सोय.

सावध_गडी: 900 पिना! आमच्याकडे प्रोजेक्टरची केबल वेळेवर सापडत नाही. बरं, तुमच्या हॅम्बुर्गमध्येही लोकांनी ठोकळे ठेवले, पण जागा चालेल की नाही हे तपासलं प्रशासनानेच ना?

नकाशेवाली: हो, प्रशासनानेच. पण आपल्याकडे विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, तेव्हा किती जणांना तो नकाशा वाचता येतो? सावली कुणाच्या गच्चीवर पडते हे टेबलावर सगळ्यांना दिसतं. मग निदान भांडण तरी नेमक्या मुद्द्यावर होतं.