शुभवर्तमानांवरची नावे कोणाची? (कोरांटी, पैलतीर आणि जुनी पोथी या टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची चर्चा)

कोरांटी
नव्या करारातील पहिली चार पुस्तके, म्हणजे येशूचे जीवन सांगणारी चार शुभवर्तमाने, मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी लिहिली असे आपण सहज म्हणून जातो. परंतु या चारांपैकी एकाही ग्रंथाच्या मजकुरात लेखकाने आपले नाव सांगितलेले नाही. पौलाच्या पत्रांचा पहिला शब्दच त्याचे नाव असतो, तसा प्रकार येथे नाही. ‘मत्तयानुसार’, ‘मार्कानुसार’ ही शीर्षके माझ्या मते दुसऱ्या शतकातील आहेत. सन 150 च्या आसपास ख्रिस्ती लेखक जस्टिन ‘प्रेषितांच्या आठवणी’ एवढेच म्हणतो. चारही नावे एकत्र आणि ठामपणे सांगणारा पहिला लेखक म्हणजे सन 180 च्या सुमाराचा ल्योंचा बिशप इरेनियस.

सर्वांत अडचणीचे नाव मत्तयाचे. मार्कच्या सुमारे 660 वचनांपैकी 600 च्या आसपास वचनांचा आशय मत्तयात येतो, आणि कित्येक ठिकाणी ग्रीक शब्दही तेच असतात. मार्कच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांशी बोलत असताना मध्येच ‘वाचणाऱ्याने हे समजून घ्यावे’ असे येते; मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात अगदी त्याच जागी तेच शब्द आहेत. तोंडी आठवणीतून हे असे उतरत नाही, समोर पोथी असावी लागते. जकात नाक्यावर बसलेल्या एकाला येशूने शिष्य म्हणून बोलावले, तो प्रसंगही पाहावा. मार्क त्या जकातदाराला अल्फीचा मुलगा लेवी म्हणतो. मत्तयात प्रसंग जवळजवळ त्याच शब्दांत आहे, फक्त नाव मत्तय आहे. ‘माझ्यामागे ये’ ही हाक ज्याने स्वतः ऐकली, त्याने ती सांगताना तेथे नसलेल्या मार्कची वाक्ये का उसनी घ्यावीत?

पैलतीर
नावे मागाहून चिकटवायची असती, तर चिकटवणाऱ्यांनी मार्क आणि लूक यांना का निवडले असते, याचे उत्तर आपल्या मांडणीत नाही. दोघेही बारा शिष्यांपैकी नव्हेत, आणि मार्क तर पौलाला पंफुल्यात सोडून माघारी गेलेला. ज्यांना खरोखर वजनदार नावे हवी होती, त्यांनी पुढे पेत्र आणि थोमा यांच्या नावांनी ग्रंथ काढलेच. ज्या ग्रंथाचा लेखक विसरला गेला, त्याचे काय होते हे नव्या करारातीलच ‘इब्री लोकांस पत्र’ या ग्रंथावरून दिसते: कोणी पौल म्हणाले, कोणी बर्णबा. शुभवर्तमानांच्या बाबतीत ज्या जुन्या प्रतींवर शीर्षक टिकले आहे, त्यांत नावांचा असा घोळ नाही. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीची मानली जाणारी एक पपायरस प्रत आहे. तिच्या एकाच पानावर लूक संपल्याचे शीर्षक आहे आणि त्याखाली योहानाचे शीर्षक सुरू होते.

हिरापोलिसचा बिशप पपायस तर इरेनियसच्याही आधीचा. मार्क हा पेत्राचा दुभाषी होता आणि त्याने आठवले तेवढे अचूक, पण क्रम न पाळता लिहिले, असे तो सांगतो. खोटी परंपरा रचणारा स्वतःहून ‘क्रम नाही’ अशी उणीव कशाला नोंदवेल? आणि ‘वाचणाऱ्याने’ हा शब्द जुन्या करारातील दानीएलाचा ग्रंथ वाचणाऱ्यासाठी असू शकतो.

कोरांटी
दानीएलाचा उल्लेख मत्तयात आहे. मार्कच्या सर्वांत जुन्या प्रतींत तो नाही, त्यामुळे हा खुलासा मार्कला नीट लागू पडत नाही. पपायसबद्दल म्हणाल, तर त्याच साक्षीदाराच्या सांगण्यानुसार मत्तयाने प्रभूची वचने इब्री भाषेत जुळवली, आणि आपल्या हातातील मत्तय तर ग्रीक मार्कवर रचलेला आहे. म्हणजे पपायस दुसऱ्याच एखाद्या ग्रंथाविषयी बोलत असावा. शिवाय त्याचे लेखन हरवले असून उतारे चौथ्या शतकातील चर्च-इतिहासकार युसेबियसने दिले, आणि युसेबियसच त्याला फार कमी बुद्धीचा म्हणतो. मार्क आणि लूक यांच्या निवडीचा आपला मुद्दा मात्र वजनदार आहे. तो मी मान्य करतो.

जुनी पोथी
मराठी वाचकाला येथे लीळाचरित्र आठवल्याशिवाय राहणार नाही. चक्रधरांना पाहिलेल्या माणसांना गाठून म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या, पुढे मूळ पोथी गेली, पाठभेद माजले, तरी संकलकाचे नाव टिकले. ‘जे आरंभापासून प्रत्यक्ष पाहणारे होते’ त्यांच्याकडून आल्याचे लूकही प्रस्तावनेत सांगतो. ग्रंथ संकलित आहे म्हणून नाव खोटे ठरत नाही.

कोरांटी
तुलना चांगली आहे, पण लूक ज्याला ग्रंथ अर्पण करतो त्या थियफिलाचे नाव देतो आणि स्वतःचे देत नाही, हा फरक राहतोच.

पैलतीर
ज्याला ग्रंथ अर्पण केला, त्याला तो कोणी लिहिला हे ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे. प्रत त्याच्या घरून पुढे गेली असेल, तर नावही सोबत गेले असणार. ग्रंथात नाव नसणे आणि वाचकांना नाव माहीत नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिलीवरून दुसरी काढत आहात.

कोरांटी
लूकपुरते हे मान्य करता येईल. योहानाच्या शेवटच्या अध्यायात मात्र ‘त्याची साक्ष खरी आहे हे आम्हांला ठाऊक आहे’ असे म्हटले आहे. तेथे साक्षीदार तृतीय पुरुषात आहे आणि लिहिणारे अनेकवचनात.