ऑइल कूलर मोठा करण्याआधी

बोटीच्या इंजिनाचे तेल फार तापते म्हणून मोठा ऑइल कूलर (तेल थंड करणारे उपकरण) बसवावा, असा सल्ला दिला जातो. पण त्याआधी तेलाचे तापमान मोजणारा सेन्सर कुठे बसवला आहे हे पाहावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कूलरमधून बाहेर पडणारे तेल मोजले, तर संपमधील (इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या भांड्यातील) तेल बरेच अधिक तापलेले असूनही काटा निर्धोक दिसतो. शिवाय बोटीत कूलरला बाहेरचे थंड पाणी सतत मिळत असल्याने तेल पुरेसे तापतच नाही, हेही अनेकदा घडते; मग त्यात साचलेला ओलावा व इंधन उडून जात नाही आणि तेल दुधाळ होऊ लागते. थर्मोस्टॅट असलेला बायपास (थंड तेल कूलरला वळसा घालून नेणारी वाट) बसवावा आणि पूर्ण वेगाच्या दौडीत संपमधील तेल साधारण १०० ते ११० अंश सेल्सिअसवर स्थिरावते का, ते पाहावे. काटा १३० कडे सरकू लागला, तर लगेच वेग उतरवून तेलाचा दाब तपासावा.