हिमालयन ४११ वर एकट्याने हानले–उमलिंग ला: पेट्रोल, सुटे भाग, हवा?

घोडबंदरकर
मंडळी, सप्टेंबरच्या सुरुवातीला एकटाच निघतोय. मोटारसायकल बीएस६ रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११. वांद्रे टर्मिनसहून चंदीगडपर्यंत रेल्वेने, पुढे श्रीनगर–कारगिल–लेह–हानले आणि लडाखातली उमलिंग ला खिंड. परतताना माहे गावावरून त्सो कार तलावामार्गे डेबरिंगला निघून थेट मनाली रस्ता धरायचा विचार आहे, लेहचा फेरा वाचेल. पेट्रोल किती बाळगू? सुटे भाग कोणते? ठाण्यात टायरमध्ये भरलेली हवा वर चालते का?

सीवूड्सकर
डेबरिंगचा बेत आधी सोडा. नकाशावर मोह पडतो, पण तिकडून मनालीकडचा पंप टांडीला, म्हणजे आणखी दोनशेच्या वर किलोमीटर. लेहजवळच्या कारूला भरून निघाल्यापासून टांडीपर्यंत मोजलंत तर आकडा आठशेच्या घरात जातो. लेहच्या बाजूला परत या, कारूला टाकी भरा आणि मग मनालीकडे वळा.

हानलेचा हिशेब कारूनंतर पंपच नाही असं धरून करायचा. कारू–हानले जाऊन-येऊन साधारण ४४०, उमलिंग ला जाऊन-येऊन १६० धरा. झाले ६००. पहिल्या-दुसऱ्या गिअरची चढण, त्यामुळे ॲव्हरेज २५ च्या वर धरू नका. म्हणजे २४ लिटर. टाकी १५ ची. पाच लिटरचे दोन कॅन हिशेबाला पुरतात, पण वाट चुकली की संपलं. तीन घ्या. काठोकाठ भरू नका, उंचीवर कॅन फुगतो. झाकण इंजिन गार झाल्यावर, हळूहळू फिरवून उघडा. टाकीत पाच लिटरची जागा झाली की पहिला कॅन लगेच रिकामा करा, वजन खाली येतं.

सानपाडा_पाना
सुटे भाग: क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, दोन्ही लिव्हर, एक स्पार्क प्लग, फ्यूज, ब्रेक पॅडचा जोड, चेनची लिंक, एम-सील, झिप टाय. नवी क्लच केबल बॅगेत ठेवू नका. तेल सोडून जुनीच्या शेजारून आत्ताच ओढून घ्या आणि टोकांना टेप लावा. तुटली की फक्त टोकं बदलायची, टाकी उचलायला नको.

ट्यूब दोन्ही चाकांच्या न्या. जागाच नसेल तर पुढची २१ इंची एकच, ती अडीअडचणीला मागच्या १७ इंचीत कोंबता येते, उलट जमत नाही. क्लच प्लेट घरी ठेवा. रस्त्याकडेला त्या बदलण्यापेक्षा चढणीवर हाफ क्लच (क्लच अर्धवट दाबून चालवणं) टाळणं सोपं.

आणि मागचं चाक ठाण्यातच एकदा स्वतः काढून टायर उतरवून बघा. किटमधला पाना ॲक्सलच्या नटाला नीट बसतो की घसरतो, ते इथेच कळलेलं बरं.

येऊरची_चढण
हवेबद्दल. गेज (दाब मोजायचं यंत्र) आतला आणि बाहेरचा दाब यांतला फरक दाखवतो. समुद्रसपाटीला बाहेर सुमारे १४.७ पीएसआय, ५,००० मीटरवर जेमतेम ८. म्हणून तापमान तेच असेल तर गेज वर सहा-सात जास्त दाखवेल. पण पहाटे शून्याच्या आसपास टायरही गार पडतो आणि त्यातले चार-पाच परत जातात. ठाण्याच्या आकड्यावर विसंबू नका, लेहला सकाळी थंड टायरवर मोजून कंपनीच्या आकड्यावर आणा. वर हवा सोडली असेल तर खाली उतरताना भरायला विसरू नका. चंदीगडच्या उन्हात कमी हवेचा लादलेला टायर तापून फाटतो.

गाडीपेक्षा तुमचंच जास्त बघा. लेह ३,५०० मीटर, तिथे किमान दोन रात्री. हानले सुमारे ४,३०० मीटर, म्हणून मध्ये चुमाथांगला मुक्काम करा. उमलिंग ला ५,७९८ मीटर, फोटो काढून उतरायचं. डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरची गोळी) निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. एकटे असताना तोल जातोय हे सांगायला कुणी नसतं. रोज संध्याकाळी एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ रेषेत दहा पावलं चाला. झोक गेला, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता खाली. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, पोस्टपेड घ्या.

घोडबंदरकर
डेबरिंग रद्द, तीन कॅन पक्के. गाडी ठाणे स्टेशनवरूनच चढवता येईल का?

सानपाडा_पाना
नको. दोन-तीन मिनिटांच्या थांब्यात पार्सल चढत नाही. रेल्वे जिथून सुटते तिथेच मोटारसायकल बुक करा. टाकी पूर्ण रिकामी, आरसे काढून बॅगेत, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती, गोणपाटाचं पॅकिंग. काढलेलं पेट्रोल घरच्या स्कूटरला.