कूलरसमोर वाचते, पण पुस्तकं फुगताहेत. काय करू? (नागपूर)

पानोपानी_प्रतापनगर

नमस्कार. बीएचं दुसरं वर्ष, उन्हाळी परीक्षा आटोपल्या. आता जून संपेपर्यंत रोज पाच-सहा तास वाचायचं ठरवलं आहे. खोली वरच्या मजल्यावर आहे आणि पश्चिमेची भिंत उन्हात असते. खिडकीत लोखंडी बॉडीचा डेझर्ट कूलर आहे, खसच्या (वाळ्याच्या) ताट्या याच वर्षी नवीन टाकल्या. टेबल कूलरच्या अगदी समोर, चार फुटांवर. पुस्तकांचं उघडं रॅक पश्चिमेच्या भिंतीला टेकून. दीडशेच्या आसपास पुस्तकं, त्यातली निम्मी बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, जुनी घेतलेली.

अडचणी अशा: कव्हर बाहेरच्या बाजूला वळताहेत. पानांच्या मोकळ्या कडेला लाटा आल्या आहेत. दोन पुस्तकांची पानं बांधणीतून सुटली. काही पानांवर तपकिरी ठिपके दिसताहेत, ती बुरशी आहे का? कूलर बंद ठेवून वाचणं शक्य नाही. रॅक कुठे हलवू, कूलर कसा वापरू आणि वाचायला वेळ कोणती धरू, हे अनुभवी लोकांनी सांगावं.

शिवण_आणि_सरस

कारण आधी समजून घे, मग उपाय पटतील. मे महिन्यात दुपारी नागपूरच्या हवेत आर्द्रता पंधरा-वीस टक्केच उरते. अशा हवेत कागद वाळून आकसतो. तू कूलर लावला की त्याच खोलीत आर्द्रता साठ टक्क्यांच्या पुढे जाते आणि कागद ओल ओढून फुगतो. रात्री लाईन गेली किंवा कूलर बंद केला की पुन्हा आकसतो. हे दिवसातून दोनदा होतं. एकसारख्या दमट किंवा एकसारख्या कोरड्या हवेपेक्षा हा चढउतार पुस्तकाला जास्त मोडतो.

कव्हर का वळतं? बाहेरून प्लास्टिकचं लॅमिनेशन असतं, ते ओल घेत नाही. आतली कागदाची बाजू घेते आणि पसरते, म्हणून कव्हर लॅमिनेशनच्या बाजूला कलतं. लाटांचं कारण वेगळं. कागदात तंतूंची एक दिशा असते आणि कागद तंतूंच्या आडवा जास्त फुगतो. छापताना तंतू बांधणीला समांतर आले तर पान निवांत राहतं. आडवे आले, तर बांधणीशी चिकटलेली कड पसरू शकत नाही, मोकळी कड पसरते आणि तिथेच लाट उठते. कुठलंही नवीन पुस्तक घेताना पान हळूच वरून खाली आणि मग आडवं वाकवून बघ. ज्या वेळी सहज वळतं, तेव्हाच्या घडीच्या रेघेला समांतर तंतू असतात. आडव्या तंतूंचं पुस्तक कूलरच्या खोलीत हमखास लाटा धरणार.

आता रॅक. पश्चिमेच्या भिंतीवरून ते आजच काढ. ती भिंत दुपारी तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. घराच्या आतल्या भिंतीला, म्हणजे जिच्या पलीकडे दुसरी खोली आहे अशा भिंतीला लाव. भिंतीपासून दोन इंच सोड, खालचा कप्पा जमिनीपासून चार इंच वर घे. कूलरचा झोत सरळ पुस्तकांवर येता कामा नये. दारं असलेलं कपाट मिळालं तर उत्तम. बंद कपाटात खोलीतला बदल फार हळू पोचतो आणि शंभर पुस्तकांचा कागद स्वतःच ओल घेतो-सोडतो, त्यामुळे आतली हवा बरीच स्थिर राहते. दार नसेल तर सुती चादरीचा पडदा लाव, प्लास्टिकचा नको. पुस्तकं इतकी दाबून भरू नको की काढताना माथा ओढावा लागेल, आणि इतकी सैलही नको की तिरकी पडतील. जाड, मोठ्या आकाराची पुस्तकं आडवी ठेव, पण थप्पी तीन-चारच्या वर नको.

एक छोटा डिजिटल आर्द्रता मीटर घेऊन कपाटात ठेव, महाग नसतो. चाळीस ते साठच्या मध्ये आकडा राहिला तर निश्चिंत. पासष्टच्या वर सतत राहिला तर बुरशीची भीती. ती तुला उन्हाळ्यात कमी आणि जुलै-ऑगस्टमध्ये जास्त.

वळलेली कव्हरं सरळ करायची असतील तर कूलर बंद असताना पुस्तक सपाट फळीवर ठेव. कव्हरच्या आतून आणि बाहेरून बटर पेपर, वर दुसरी फळी, त्यावर पाच-सहा किलो वजन, आठ दिवस. घाई केली तर पुन्हा वळतं. उन्हात मात्र वाळवायचं नाही. नागपूरच्या उन्हात दोन तासांत कव्हर आणखी वाकतं, रंग उडतो, कागद पिवळा पडतो.

सुटलेल्या पानांचं: आजच्या बहुतेक पेपरबॅकना गरम करून लावायचा गोंद असतो. तो तापला की मऊ पडतो आणि जुना झाला की कडक होऊन तडकतो. गाडीच्या डिक्कीत किंवा उन्हात उभ्या कारमध्ये पुस्तक ठेवलंस तर पहिला प्रकार होतो, तपकिरी पडलेल्या जुन्या प्रतींत दुसरा. पान सुटलं तर सेलोटेप लावू नको, काही वर्षांत तिचा चिकटा पिवळा होऊन कागदात उतरतो. पानाच्या आतल्या कडेला दोन मिलिमीटरची बारीक रेघ पांढऱ्या गोंदाची, पान जागेवर सरकवायचं, दोन्ही बाजूंना बटर पेपर, रात्रभर वजनाखाली. एकाच पुस्तकाची पाच-सातपेक्षा जास्त पानं सुटली असतील तर बाइंडरकडून शिवून घे.

ताटी_ते_पंप

वरच्या उत्तरात कागदाचं सगळं आलं. मी कूलरचं सांगतो, कारण तपकिरी ठिपके तिथूनच आले असणार. नवीन खस पहिले काही दिवस तपकिरी पाणी सोडतो. ताट्या बसवण्याआधी चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवायच्या, ते पाणी फेकायचं, मग बसवून तासभर नुसता पंप चालवायचा आणि टाकी पुन्हा रिकामी करायची. हे केलं नाही तर शिंतोडे उडतात ते चहाच्या रंगाचे. पानावर तो डाग वाळला की जात नाही. ठिपका गोल आणि सपाट असेल, कडा गडद असेल, तर ते शिंतोडेच. बुरशीला वास येतो आणि जवळून बघितलं तर लव दिसते.

शिंतोडे थांबवायचे तर वरच्या पन्हाळीत पाणी जास्त सोडू नका. पाइपवर कॉक असेल तर अर्धा बंद करा. ताटी वरपासून खालपर्यंत ओली दिसली पाहिजे, तिच्यावरून धार वाहिली नाही पाहिजे. ताटी जाळीत सैल बसली असेल तर पंखा पाणी ओढतो. कडेला मूठभर खस कोंबून फट बुजवा.

कूलर किती थंड करेल याचा अंदाज: बाहेर 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर चांगल्या ताट्यांतून हवा 28-29 अंशांची निघते आणि तिच्यात आर्द्रता 65 टक्क्यांच्या जवळ असते. ती हवा खोलीतून बाहेर गेली पाहिजे. बहुतेक मुलं इथेच चुकतात. एसीच्या सवयीनं दार-खिडक्या बंद करतात. मग तीच ओली हवा कोंडते, आर्द्रता ऐंशीला जाते, अंग चिकट होतं आणि पुस्तकं पापडासारखी नरम पडतात. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार वीतभर उघडं ठेवा. टेबल झोताच्या समोरून काढून काटकोनात लावा, म्हणजे हवा खांद्यावरून जाईल, पानं फडफडणार नाहीत आणि शिंतोडा पुस्तकावर येणार नाही. उठायच्या अर्धा तास आधी पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. ताट्याही वाळतात, त्यांना कुबट वास धरत नाही.

टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायचीच. डेंग्यूच्या डासाची अळी आठ-दहा दिवसांत डास होऊन उडते, म्हणून आठवड्याचा हिशोब. बोअरचं पाणी वापरत असाल तर ताट्यांवर पांढरे क्षार चढतात आणि हवा अडते. पाणी बदलत राहिलात तर थर कमी चढतो.

आणि लोखंडी बॉडी आहे, म्हणून हे नीट वाचा. पाणी भरताना, टाकीत हात घालताना, पंप सरकवताना प्लग काढलेला असला पाहिजे, नुसतं बटण बंद पुरत नाही. पंपाची वायर कापलेली किंवा टेप मारलेली असेल तर पंपच बदला. प्लग तीन पिनचा, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासलेलं, आणि घरच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कूलरला हात लावायचा नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात.

पानोपानी_प्रतापनगर

दोघांचेही मनापासून आभार. टेबल हलवलं, ठिपके गोल आणि कडेला गडद आहेत, म्हणजे शिंतोडेच. आणखी एक तातडीचं: वाचनालयाचं एक पुस्तक आज टाकीजवळ पडलं, खालचा तिसरा हिस्सा चिंब आहे. साधा कागद आहे, मध्ये आठ पानं गुळगुळीत फोटोंची. काय करू?

शिवण_आणि_सरस

फोटोंची पानं आधी, आत्ता. गुळगुळीत कागदावर जो लेप असतो तो ओला असताना गोंदासारखा वागतो. एकदा एकमेकांना चिकटून वाळला की पानं वेगळी होत नाहीत. त्या आठ पानांमध्ये प्रत्येक ठिकाणी बटर पेपर घाल. पान सोडवताना वरच्या कोरड्या कडेनं धर, ओला भाग चिमटीत धरला तर फाटतो.

बाकीचं पुस्तक पुसू नको, चोळू नको. टॉवेलमध्ये गुंडाळून हलकं दाब, पाणी निथळू दे. मग दर वीस पानांनी एक टिपकागद किंवा कोरा पांढरा कागद. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. एकूण कागद इतके घालू नको की पुस्तक फुगून बांधणी ताणली जाईल. पहिल्या दिवशी तासा-दोन तासांनी कागद बदल. पुस्तक ओली कड वर करून, जरा उघडून, उभं ठेव आणि पंखा भिंतीकडे वळव, म्हणजे हवा फिरेल पण पानांवर आदळणार नाही. आपल्या कोरड्या हवेचा इथे फायदा होतो, फक्त या खोलीत कूलर लावू नको. हाताला थंड लागेनासं झालं, जरासं दमट उरलं, की दोन फळ्यांमध्ये वजनाखाली तीन-चार दिवस.

आज वेळच नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये टाक. तिथे ते आहे तसं थांबतं, रविवारी काढून हे सगळं करता येतं. आणि वाचनालयात स्वतः जाऊन सांग. लपवून परत केलेलं दमट पुस्तक शेजारच्या चार पुस्तकांना बुरशी लावतं.

सकाळची_पाळी

वेळेचं कोणी बोललं नाही. मे महिन्यात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास उजाडतं. साडेपाच ते नऊ ही साडेतीन तासांची वेळ कूलरशिवाय मिळते, गच्चीच्या जिन्यात किंवा व्हरांड्यात. अवघड वाचन तेव्हा. दुपारी बारा ते चार बाहेर पडायचंच नाही. इथे 23 मे 2013 ला पारा 47.9 वर गेला होता, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, चव्वेचाळीस-पंचेचाळीस तर नेहमीचेच. वरच्या मजल्याची खोली मात्र सर्वात जास्त तापते ती संध्याकाळी, कारण दिवसभर साठलेली उष्णता स्लॅब तेव्हा खाली सोडतो. म्हणून सहा ते नऊ खोलीत बसू नको. घरमालक हो म्हणाले तर गच्चीला पांढरा चुना मारून घे, स्लॅब मुळातच कमी तापतो.

दुपारसाठी वाचनालय धरायचं असेल तर सकाळी नऊच्या आत पोच आणि ऊन उतरल्यावर नीघ. प्रतापनगरहून सुभाषनगर मेट्रो स्टेशन गाठलं की अ‍ॅक्वा लाइननं झांशी राणी चौक थेट, गाडी एसी आहे. विदर्भ साहित्य संघ त्याच चौकात. 1923 साली स्थापन झालेली संस्था, मराठी वाचणाऱ्यानं तिथलं ग्रंथालय बघायलाच हवं. वेळा आणि सभासदत्वाची अनामत आधी विचारून घे.

बॅगेत एक गोष्ट सांभाळ. फ्रीजमधली बाटली पुस्तकांबरोबर ठेवू नको. बाहेरच्या कोरड्या हवेत तिला थोडाच घाम येतो, पण कूलरच्या वाचन कक्षात ती दहा मिनिटांत ओलीचिंब होते. बाहेरच्या कप्प्यात, नाहीतर सुती कापडात गुंडाळून. माठाचं पाणी भरलेलं सर्वात बरं, त्याला घामच येत नाही.

निघताना डोकं-कान दुपट्ट्यानं बांध. पोटात ताक किंवा पन्हं असू दे. जास्त घाम गेला तर ओआरएसचं मोठं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात, कमी पाण्यात नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे इथेच सावलीत थांबायचं. बोलणं असंबद्ध झालं किंवा अंग भाजल्यासारखं तापलं तर ते ऊन लागणं आहे. अंगावर पाणी, वारा, आणि 108 ला फोन. शुद्ध नीट नसलेल्याला तोंडानं काही पाजायचं नाही.

शिवण_आणि_सरस

जुन्या पुस्तकांचं राहिलं. बर्डीवरून आणलेलं पुस्तक सरळ कपाटात लावू नको. पांढऱ्या कागदावर उलटं धरून बांधणीवर दोन-तीन टिचक्या मार. पिठासारखा भुगा पडला किंवा पानांत बारीक सरळ भोकं असली तर कसर आहे. चंदेरी, शेपटीवाला किडा पळाला तर तो कव्हरची खळ खाणारा, पृष्ठभाग खरवडून ठेवतो. दोन्हींना एकच उपाय: हवा काढून पिशवी घट्ट बंद कर, पुस्तक पूर्ण कोरडं असल्याची खात्री कर आणि डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. मग मऊ ब्रशनं बांधणीकडून बाहेर झाडून घे. कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल तर पूर्ण वाळलेला, कापडाच्या पुरचुंडीत. ओला पाला पानावर हिरवा डाग सोडतो. डांबरगोळ्या झोपायच्या खोलीत नकोत.

आणि पाऊस सुरू झाला की कूलरचा पंप बंदच. दमट हवेत तो थंड करत नाही, फक्त ओल वाढवतो. तेव्हा कपाटाचा मीटर रोज बघत जा. पासष्टच्या वर गेला तर कोरड्या दिवशी दुपारी दारं उघडून तासभर पंखा लाव.

पानोपानी_प्रतापनगर

फोटोंची पानं वेगळी झाली, एकही फाटलं नाही. पुस्तक आता फळ्यांमध्ये आहे. सोमवारी वाचनालयात घेऊन जाते आणि सगळं सांगते. कपाटासाठी आतली भिंत मोकळी केली आहे, आज मीटर मागवला.