मदत हवी आहे : कॅनडाच्या नियुक्त सिनेटचा नकार कुठवर टिकतो?

कॅनडाच्या सिनेटचे, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे, १०५ सदस्य निवडून येत नाहीत. पंतप्रधानांच्या शिफारशीवरून गव्हर्नर जनरल त्यांची नियुक्ती करतात आणि वयाची ७५ वर्षे पूर्ण होईपर्यंत ते पदावर राहू शकतात. तरीही कायदा होण्यासाठी त्यांची संमती लागतेच. १९९१ मध्ये गर्भपातविषयक विधेयक कनिष्ठ सभागृहात मंजूर होऊनही सिनेटमध्ये ४३ विरुद्ध ४३ अशी समसमान मते पडली आणि तेथील नियमानुसार बरोबरी म्हणजे नकार असल्याने ते बारगळले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

माझा प्रश्न असा, की सिनेट आपल्या दुरुस्त्यांवर अडून बसली आणि कनिष्ठ सभागृहही मागे हटले नाही, तर कोंडी नेमकी कशी फुटते? जाणकारांनी एखाद्या विधेयकाच्या उदाहरणासह कृपया सविस्तर सांगावे.