गल्ला नसलेलं दुकान कोणासाठी?

इंदिरानगरकर
कॉलेज रोडवरच्या त्या मोठ्या मोबाइल-लॅपटॉपच्या दुकानाने कात टाकली, आत गेलं की मुंबईच्या ‘ॲपल बीकेसी’त, म्हणजे ॲपलच्या तिथल्या दुकानात, आल्यासारखं वाटतं, नाशिक अखेर मोठं झालं, असं काल इथे एकाने लिहिलं. वाचून राहवलं नाही.

बीकेसीचं दुकान १८ एप्रिल २०२३ ला उघडलं आणि मेमध्येच मी ते बघून आलोय. लाकडी छत देखणं आहे, मान्य. पण तिथे मदतीला शंभरावर माणसं ठेवली होती. मराठीत विचारलं तर मराठीत सांगणारा मुलगा भेटला. आपल्याकडे टेबलं आली, दिवे आले, गल्ला गेला. माणसं मात्र चारच.

शनिवारी बाबांना घेऊन गेलो होतो. वय ७४, गुडघे दुखतात. बसायला पाठ नसलेली दोन स्टुलं, त्यावर मुलं व्हिडिओ बघत बसलेली. पैसे कुठे द्यायचे हे विचारायला वीस मिनिटं उभे होतो. गल्ला होता तेव्हा निदान कुणासमोर उभं राहायचं ते तरी कळायचं!

सिडकोची लेक
दादा, बाबांचं वाईट वाटलं. पण ‘गल्ला होता तेव्हा’ म्हणताय तो काळ मीही पाहिलाय.

२०११ साली पहिल्या पगारातून फोन घ्यायला एम.जी. रोडला गेले. फोन सगळे काचेआड. मालक माझ्याशी बोललाच नाही. सोबत आलेल्या धाकट्या भावाला विचारलं, "बजेट किती?" भाऊ तेव्हा अकरावीत! महागडा फोन बघायला मागितला तर म्हणाला, "घेणार असाल तरच काढतो."

परवा त्याच नव्या दुकानात मी एकटी गेले. पाऊण तास लॅपटॉप हाताळला, कॅमेरे बघितले, काही न घेता निघाले. कुणी हटकलं नाही. तुम्हाला गल्ला म्हणजे हक्काची जागा वाटते, मला तो कुंपण वाटायचा.

पंचवटी कारंजा
आत बसायचं कुठे यावर भांडताय, पण दुरुस्तीचा कोपराच उडवला त्याचं काय? आधी मागच्या बाजूला एक पोरगा बसायचा, समोर स्क्रीन बदलून द्यायचा. आता फोन पाकिटात घालून ‘सेंटरला’ पाठवतात. माझा सतरा दिवसांनी आला, तोही ‘बोर्ड गेला, नवीन घ्या’ म्हणून. एम.जी. रोडवरच्या एकाने ४५० रुपयांत माझ्यासमोर चार्जिंगचा जॅक बदलला. आजही चालतोय. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’चं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, त्याची एक पाटीसुद्धा दुकानात नाही.

गंगापूर रोड
काका, गल्लीतल्या दुरुस्तीचं एवढं कौतुक नको. माझ्या बहिणीचा फोन असाच एकाकडे दिला होता. पासवर्ड लिहून घेतला, दोन दिवस ठेवला. परत आला तेव्हा गॅलरीतले फोटो कुणीतरी उघडून बघितल्याचं दिसत होतं. ती महिनाभर धड झोपली नाही. सतरा दिवस लागू द्यात, पण पावती मिळते, जबाबदारी कुणाची ते कळतं.

पंचवटी कारंजा
एकाने घाण केली म्हणून तीस वर्षं इमानाने सोल्डरिंग करणाऱ्या सगळ्यांना चोर ठरवू नका! माझा मेहुणा त्याच धंद्यात आहे. गिऱ्हाइकासमोर फोन उघडतो, समोर बंद करतो. पासवर्ड मागतच नाही.

गंगापूर रोड
चोर म्हटलेलं नाही. समोर उघडणारा असेल तर त्याच्याकडे मीही जाईन. पण बहिणीचं तुम्ही एका वाक्यात उडवलंत, ते लागलं.

पंचवटी कारंजा
ते चुकलं माझं. तिला सांगा. दुरुस्तीचं मत मात्र बदलत नाही.

इंदिरानगरकर
मूळ मुद्द्यावर येतो. २०१६ मध्ये ॲपलने सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरचं दुकान नव्याने मांडलं, तेव्हा दुकान म्हणजे गावातला चौक अशी कल्पना होती. आत झाडं लावली, पण त्या झाडांखाली दुरुस्तीचं विचारायला माणसं बसवली होती. आपल्याकडच्यांनी कुंड्या तेवढ्या उचलल्या. आणि चौक म्हणायचा तर म्हाताऱ्याला टेकायला जागा हवी. गोदाकाठच्या पायऱ्यांवर बसायला कुणाला विचारावं लागतं का?

ताईंचं काचेआडचं वाचून गप्प झालो. माझ्या बायकोला विचारलं, तिचाही अनुभव तोच निघाला. पंधरा वर्षांत मला कधी सांगितला नव्हता. तेव्हा टेबलं राहू देत, हे मान्य करतो. नाइलाजाने, पण करतो.

सिडकोची लेक
आणि खुर्च्यांचं मी मान्य करते. माझी आई त्या स्टुलावर चढूच शकणार नाही. पाठीच्या चार खुर्च्या आणि दारापाशी विचारपूस करणारं एक माणूस, एवढं मालकाला आपण दोघांनी जाऊन सांगू या का?

इंदिरानगरकर
चला, रविवारी सकाळी अकराला. मला तसंही जायचंच आहे. बिल मेलवर पाठवतो म्हणाले होते आणि बाबांना मेल नाही. कागदावरचं बिल हवंय त्यांना, फायलीत लावायला.